पत्रबाई

आमच्या शाळेत शिवणकाम हा विषय बंद झाला, तेव्हा शिवणाच्या बाईंचं करायचं काय, असा प्रश्न मुख्याध्यापकांना पडला. बाईंची नोकरी बारा वर्षांची, काढून तर टाकता येत नव्हतं. मग प्रयोगशाळेशेजारची जुने नकाशे ठेवायची खोली रिकामी केली, बाईंना तिथे बसवलं आणि दारावर पाटी लावली, 'प्रवेश मार्गदर्शन'. अकरावीच्या मुलांना हाताशी धरायचं, कुठल्या कॉलेजात काय शिकवतात ते सांगायचं, अर्ज कसा भरायचा ते शिकवायचं आणि बारावीत अर्ज जाताना प्रत्येकासाठी एक शिफारसपत्र लिहायचं, एवढंच काम. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. आम्हाला वाटलं, बाई आता निवृत्तीपर्यंत आरामात दिवस काढतील. पण बाईंनी त्या खोलीत जीव ओतला.

बाकीच्या शाळांची पत्रं ठरलेली असायची : विद्यार्थी हुशार, कष्टाळू व आज्ञाधारक आहे. बाईंनी हे तिन्ही शब्द स्वतःपुरते बंद करून टाकले होते. "आज्ञाधारक तर माझं हे टेबलही आहे," त्या म्हणायच्या. "त्याला देतील का प्रवेश?" अकरावीचं वर्षभर त्या मुलांना नुसत्या बघत असायच्या. प्रत्येकाची वेगळी वही. घरी जाऊन आईशी बोलायच्या, पोराला राग कशाचा येतो, रुसला की कुठे जाऊन बसतो, असलं विचारायच्या. मग पत्रात लिहायच्या, 'हा मुलगा हरला की आधी समोरच्याचा खेळ किती चांगला होता ते सांगतो.' एकेका पत्राचे चार-चार कच्चे खर्डे. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात होते. ते एकदा म्हणाले, "अगं, आपलं लग्न ठरताना तुझ्या वडिलांनीसुद्धा माझी एवढी चौकशी केली नव्हती."

मुलं त्यांना पत्रबाई म्हणायची. कुणाला प्रवेश मिळे, कुणाला नाही. मिळाला की बाईंना वाटे, पत्र पोचलं. नाही मिळाला की स्वतःलाच दोष देत, कुठेतरी आपलं लिहिणं कमी पडलं.

त्या खोलीतल्या एकोणिसाव्या वर्षी अकरावीत एक मुलगी आली. तिची आई बाजाराच्या मागे लाँड्रीत इस्त्री करायची. मुलगी बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि तिथेच अडून बसायचं. सगळे शिक्षक तिला "सावकाश, सावकाश" म्हणायचे, म्हणून पोरांनी तिचं नावच सावकाश पाडलं. लेखी पेपरात ती पहिल्या पाचांत असे, तोंडी परीक्षेत मात्र गुण धडाधड कोसळत. तिला पाण्याची तपासणी शिकायची होती. नळाला, विहिरीला, कारखान्याच्या नाल्याला येणाऱ्या पाण्यात काय काय असतं ते. तो अभ्यासक्रम एकाच मोठ्या कॉलेजात होता. बाईंनी तिची वही उघडली ती वर्षभर मिटली नाही.

वर्ष संपता संपता बाई अकरावीच्या अठरा मुलांना घेऊन ते कॉलेज दाखवायला गेल्या. मुलं ग्रंथालय बघत होती तेवढ्यात बाई प्रवेश कक्षात शिरल्या. त्यांना एकच विचारायचं होतं, सावकाशला तोंडी परीक्षेत गुण का कमी पडले ते पत्रात लिहिलं तर चालेल का?

खिडकीत एक कारकून होता. माणूस भला. त्याने बाईंना आत बोलावून खुर्ची दिली, शाळेचं नाव विचारलं आणि संगणकावर यादी काढली.

"बाई, खरं सांगू का? पत्रं आम्ही उघडत नाही."

"म्हणजे?"

"एवढे अर्ज येतात, वाचणार कोण? सात वर्षं झाली. सरळ गुणांवर यादी लागते."

"पण अर्जात तर लिहिलंय, शिफारसपत्र आवश्यक!"

"ती ओळ जुनी आहे. काढायची राहून गेली." त्याने पडदा बाईंकडे वळवला. त्यांच्या शाळेच्या मुलांची नावं एकाखाली एक होती. प्रत्येकासमोर 'पत्र प्राप्त', आणि पुढच्या रकान्यात, 'उघडले नाही'. बाईंनी बोटाने खाली खाली सरकत बघितलं. ज्यांना प्रवेश मिळाला होता त्यांच्यासमोरही तेच.

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, "त्याने पाणी दिलं, तेही बिचाऱ्याने शरमूनच दिलं."

परतीच्या बसमध्ये ती मुलगी, सावकाश, त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिचं वाक्य पुरं होईस्तोवर दोन थांबे गेले. बाई नेहमीसारख्या थांबल्या, मधेच शब्द पुरवला नाही.

"त्यांना वि... विचारलंत का, माझ्या तोंडीचं?"

बाई म्हणाल्या, "हो. पत्रात लिहा म्हणाले."

आपण असं का म्हणालो, ते बाईंना अखेरपर्यंत सांगता आलं नाही. मुलगी हसली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते म्हणाले, "हे मुलांना कळता कामा नये. पालक आपल्याकडे येतात ते या खोलीसाठी." बाईंनी कॉलेजच्या प्रमुखांना तक्रार लिहिली, तिची पोच आली, उत्तर आलं नाही. मग त्या माझ्याकडे आल्या. मी शहाणपणा केला. म्हटलं, "निकालापर्यंत थांबा. तोंडीत चार गुण जास्त पडले तर सगळं आपोआप मिटेल. आत्ता सांगून पोरीचा धीर कशाला घालवता?" हे मीच म्हटलं, कबूल करायला हवं.

बारावीत अर्ज भरायची वेळ आली. गावाजवळच एक लहान संस्था होती. पाण्याचं नाही, पण रसायनशास्त्र तिथे शिकवत. तोंडीचे गुणही धरत नसत. बाईंनी तो अर्ज सावकाशपुढे ठेवला. तिने वाचला आणि परत सरकवला.

"इथे प... पत्र मागत नाहीत."

"नसू देत. भरून तर ठेव."

"मला पत्र वाचतात तिथेच जायचंय. नाहीतर तुम्ही लि... लिहिलेलं वाया जाईल."

बाई म्हणायच्या, देवाने तोंड उघडायची संधी समोर आणून ठेवली होती आणि मी टेबलावरचे कागद नीट लावत बसले. त्या संस्थेची तारीख निघून गेली. मोठ्या कॉलेजसाठी बाईंनी दोन पानी पत्र लिहिलं. एकही वाचणारा नाही हे ठाऊक असून त्याचे पाच खर्डे केले. मुलीच्या हट्टाखातर एक प्रत तिला दिली.

यादी लागली. सावकाश नऊ गुणांनी मागे राहिली. नऊच्या नऊ तोंडीतले.

त्या दुपारी बाई लाँड्रीत गेल्या. मलाही बरोबर नेलं, एकटीने जायचं धाडस नव्हतं. आत वाफेने भिंती ओल्या झाल्या होत्या. आई इस्त्री करत होती, मुलगी चादरींच्या घड्या घालत होती. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसमधलं खोटंही. सावकाशचं तोंड उतरलं. आईला अक्षरओळख नव्हती. तिने इस्त्री बाजूला उभी केली.

"त्या कागदात होतं तरी काय? वाच बघू."

मुलीने दप्तरातून पत्र काढलं आणि वाचायला लागली. 'ही मुलगी बोलण्याआधी विचार करते असं लोकांना वाटतं, पण ती बोलतानाही विचार करते.' वाचताना प्रत्येक ओळीत अडखळत होती. 'खोटं' या शब्दावर जी अडली ती अडलीच. 'ती कधीही खोटं बोलत नाही' असं ते वाक्य होतं. बाईंचा हात आपोआप पुढे आला, पण मुलीने कागद सोडला नाही. शेवटपर्यंत वाचलं.

आई म्हणाली, "यातलं सगळं खरं आहे. मग नाही का म्हणाले?"

"त्यांनी वाचलं नाही, ताई."

"पण तुम्ही तर पाठवलं होतं ना?"

तिला ते कळेचना. तिने तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा बाईंनी तेच सांगितलं. मग गिऱ्हाईक आलं आणि तिने इस्त्री उचलली.

त्या लहान संस्थेत पुढच्या वर्षी अर्ज करता येईल, असं मी मुलीला सुचवलं. तिने मान डोलावली. पण तोवर आईच्या मनगटाने दगा दिला आणि सावकाश लाँड्रीच्या टेबलामागे उभी राहिली. तिथे फारसं बोलावं लागत नाही. अजून ती तिथेच आहे. मी कपडे टाकायला जातो, ती पावती देते. बाईंचं तिने कधी विचारलं नाही. बाईंनी लाँड्री बदलली.

बाईंनी नंतर एकही पत्र लिहिलं नाही. शाळेचा कारकून आता सगळ्यांना एकच मजकूर जोडतो, हुशार, कष्टाळू व आज्ञाधारक. प्रवेश मिळणाऱ्यांचा आकडा पूर्वी होता तेवढाच आहे. ना एक कमी, ना एक जास्त. मुख्याध्यापकांनी तो सभेत अभिमानाने वाचून दाखवला तेव्हा बाई माझ्याशेजारी बसल्या होत्या.

मागच्या आठवड्यात त्यांच्या खोलीवरून चाललो होतो. अकरावीची नवी मुलं बाकांवर बसली होती. एका मुलीने विचारलं, "बाई, आम्ही स्वतःबद्दल काय काय लिहून आणू?"

"काही नको," बाई म्हणाल्या. "गुण वाढवा."

मुलं पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. तास संपायला अजून अर्धा तास होता. बाई खुर्चीत बसून होत्या.