एक चेंडू पुढं असलेले दिगूभाऊजी

आमच्या घरात ही बातमी फोनवर आली नाही. मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आली. पुढं मॅच चालू होती, औंढ्यातली आमची अर्धी गल्ली टीव्हीसमोर बसलेली, आणि माझी नात गौरी चहाचा कप घेऊन तिच्या दिगूआबांना उठवायला आत गेली, ती कप तसाच भरलेला घेऊन परत आली. म्हणाली, "आजी, आबा उठून नाही राहिले." मी म्हटलं, "उठतील गं, ठेव झाकून." षटकातला एक चेंडू राहिला होता. तेवढा बघून मी उठले... डॉक्टर म्हणाले, तासभर तरी झाला असेल, झोपेतच गेले, तकलीफ झाली नसणार. भेटायला येणारे सगळे तेच म्हणतात. पण त्या तासात त्यांनी हाक मारली की नाही हे सांगणारं कुणी नाही, कारण मधलं दार आम्ही लावून घेतलं होतं आणि आवाज मोठा होता. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

दिगंबर माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते सातवीत होते. त्यांचा डबा मी भरायची आणि ते शाळेतून आले की मी चौथीला सोडलेली पुस्तकं माझ्याकडून परत वाचून घ्यायचे. आज हे चार शब्द लिहिते आहे ते त्यांच्यामुळं. पुढं ते शाळेतच कारकून झाले. लग्न केलं नाही. आमचे हे गेल्यावर घरात मोठं माणूस म्हणून तेच राहिले. पण औंढ्यात, शिरड शहापुरात, नरसीपर्यंत त्यांना लोक ओळखायचे ते कारकून म्हणून नव्हे, तर कॉमेंट्रीवाले दिगूभाऊ म्हणून. रबरी चेंडूच्या स्पर्धा लागल्या की आठ दिवस आधी पोरं घरी यायची, "भाऊ, माईक तुमीच धरायचा." मीही दोन-तीनदा गेले ऐकायला. मैदान कसलं, पिकं निघालेली रानं ती. एका कडेला कापसाची पऱ्हाटी तशीच उभी. आणि लाऊडस्पीकरमधून दिगूभाऊजी, "चेंडू पऱ्हाटीत शिरलाय, मागोमाग क्षेत्ररक्षकही शिरलाय, दोघांचाही पत्ता न्हाई, रानमालकानं कृपा करून तिकडं पाहू नये!" माणसं पोट धरून हसायची. मी एकदा विचारलं, "भाऊजी, लोकांना दिसतंच की समोर. मग एवढं घसा फोडून काहून सांगता?" तर म्हणाले, "वैनी, पुढच्याला दिसतंय. मी मागच्यासाठी सांगतो. लई गर्दी राहते, मागच्याला निस्ती डोकी दिसतात."

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी कडेचं दिसेनासं झालं, ते त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा मधलंही जायला लागलं होतं. शेवटी उजेड कुठून येतो एवढंच कळायचं. माईक सुटला. त्यांच्याजवळ एक जुना रेडिओ होता, तीन जाड सेलांचा, तो मांडीवर घेऊन बसायचे. मॅच असली की ओसरीवर येणारा-जाणारा थांबायचा, "भाऊ, किती झाले?" आणि भाऊजी नुसता आकडा सांगत नसत, सगळी मॅच मांडून दाखवत. आंधळ्या माणसाला डोळस लोक मॅच कशी चालली विचारायचे!

दोन वर्षांमागं माझ्या मुलानं, प्रशांतनं, भिंतभर टीव्ही आणला. फोर के म्हणतात तो. इंटरनेटवरून मॅच त्यात एकदम साफ दिसते म्हणे. दिसते म्हणजे काय, गवताचं पातं न् पातं, गोलंदाजाच्या गालावरचा घाम, चेंडूची शिवण. मला क्रिकेटातलं काही कळत नाही, पण मीही बघत बसले. गल्लीतल्या बायका यायच्या, "बाई बाई, खिडकीतून बघितल्यासारखं दिसून राहिलं," म्हणायच्या आणि मी चहा टाकायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. आपल्या घरी माणसं येतात, आपल्या लेकाचं नाव घेतात... त्यातच पहिल्या मॅचला गंमत झाली. टीव्हीत गोलंदाज अजून चेंडू पँटीला घासत उभा, आणि कोपऱ्यातून भाऊजी ओरडले, "गेला! मधली दांडी उडाली!" सगळ्यांनी माना वळवल्या. गोलंदाज धावत आला, चेंडू टाकला, आणि खरंच, मधली दांडी उडाली. शेजारच्या कमलबाईंनी हातच जोडले, "दिगूभाऊ, तुमी देव झालात काय? व्हायच्या आधी कळून राहिलं तुम्हाला!" भाऊजी म्हणाले, "देव कुठला, रेडिओ हाय." प्रशांतनं समजावून सांगितलं, चित्र जेवढं भारी तेवढं ते बांधून, पाठवून, इकडं उलगडायला वेळ लागतो, रेडिओवर काय, नुसता आवाज, तो सरळ येतो. म्हणजे लाखाची दृष्टी असलेले आम्ही सगळे एक चेंडू मागं, आणि भाऊजी एक चेंडू पुढं!

पहिले दोन दिवस हसू आलं. मग पोरांची चिडचिड सुरू झाली. "आबा, आधी सांगू नका ना, मजा जाते." प्रशांतनं रेडिओला जोडून कानात घालायचं यंत्र आणून दिलं. त्यानं तर आणखीच पंचाईत झाली. आता रेडिओ कुणाला ऐकू यायचा नाही, पण भाऊजी मधूनच "अरे वा!" म्हणायचे, नाहीतर कपाळाला हात लावायचे. जन्मभर माईक धरलेला माणूस, तोंड कसं मिटणार? लोक टीव्ही सोडून त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. एकदा मोठा सामना होता. सकाळीच प्रशांत मला म्हणाला, "आई, आज पाहुणे येतील. काकांचं काहीतरी बघ."

मी बघितलं. ते आंघोळीला गेले तेव्हा रेडिओतले तिन्ही सेल काढले आणि हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात, डाळीखाली घातले. ते आले, चाचपून रेडिओ उचलला. मी म्हटलं, "भाऊजी, तो बिघडलाय वाटतं, सकाळपासून बोलेना." ते तसेच उभे राहिले. रेडिओ हातावर होता. ज्याला डोळे नाहीत त्याला वजन कळतं हो! तीन जाड सेल कमी झालेले त्या हाताला कळले नसतील? त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं, ते उघडलं नाही. म्हणाले, "बराबर आहे वैनी. जुना झाला आता." आणि फळीवर ठेवून दिला.

मला वाटलं होतं, एका मॅचपुरतं. मग दुसरी आली, मग मालिका आली. डाळ संपत आली की तळाशी सेल दिसायचे. मी वरून नवी डाळ ओतायची. त्यांनी एकदाही दुरुस्तीचं नाव काढलं नाही, आणि न काढलेल्या त्या नावानंच मला रोज कळायचं की त्यांना सगळं माहीत आहे.

ते टीव्हीपुढं येऊन बसत, आपल्या जागेवर. पण टीव्हीतले बोलणारे सांगतात कुठं? लोकांना एवढं साफ दिसत असताना चेंडू कुठं गेला ते कशाला सांगतील? ते आपसात जुन्या गप्पा मारतात. भाऊजी विचारायचे, "काय झालं?" कुणीतरी म्हणायचं, "चौकार." पुढं तेही कुणी म्हणेना. मग ते सगळे हसले की हसायचे. आधी आमच्या पुढं असणारा माणूस आता सगळ्यांच्या मागून हसायला लागला. एकदा कुणाचा तरी झेल पुन्हा हळू करून दाखवत होते, पोरं परत ओरडली. भाऊजींना वाटलं आणखी एक बाद झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, "दोन गेले!" खोलीभर हशा पिकला. गौरी म्हणाली, "आबा, तो मघाचाच आहे!" त्यांनी हात मांडीवर घेतले. हसणाऱ्यांत मी होते. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण न लिहून कुठं जाणार आहे ते.

त्यानंतर दोनेक दिवसांनी मी कोथिंबीर निवडत होते, तर जवळ येऊन बसले. म्हणाले, "वैनी, एक म्हणू? मॅचच्या टायमाला तुमी माझ्या बाजूला बसून सांगत जा ना, काय दिसून राहिलं ते. निस्तं दिसंल तेवढं." मी म्हटलं, "मला मेलीला क्रिकेटातलं काय कळतंय? मी काय सांगणार?" ते हसले. "तेबी खरंच," म्हणाले. पुढच्या मॅचपासून त्यांना झोप यायला लागली. दुपारी जेवले की मागच्या खोलीत जायचे आणि जाताना स्वतःच म्हणायचे, "दार ओढून घ्या, तुमचा आवाज मोठा राहतो." आम्ही ओढून घ्यायचो. ज्या दिवशी गेले त्या दिवशीही मीच ओढून घेतलं होतं.

प्रशांतला मी सेलांचं सांगितलं, चौदाव्यानंतर. तो म्हणाला, "मीच तर म्हणालो होतो, आई." लेकरू आहे, आईचं ओझं वाटून घ्यायला बघतं. पण त्यानं "बघ" एवढंच म्हटलं होतं. बघायचं कसं ते मी ठरवलं.

महिनाभर टीव्ही लावला नाही. गेल्या रविवारी गौरीनं विचारून लावला. गल्लीतलं कुणी आलं नव्हतं, आम्ही दोघीच. मी तांदूळ निवडत होते. मध्येच मान वर केली आणि कधी बोलायला लागले ते मलाच कळलं नाही. "उंच पोरगा आहे, बाह्या वर केल्यात... लांबून पळत येऊन राहिला... टाकला. समोरच्यानं वाकून मारला. खालून खालून चाललाय, दोघं मागं धावले... एकजण पडला बिचारा, गुडघा हिरवा झाला. गेला, दोरीला लागला..." गौरी माझ्याकडं वळून बघत होती. म्हणाली, "आजी, कुणाला सांगून राहिलीस?"

मी म्हटलं, "कुणाला नाही गं. मला जमतं का ते बघत होते."

जमत होतं.