काकीची बोंबलाची टोपली

आमच्या पाड्याची काकी समोर आलेल्या बाईला पहिला प्रश्न एकच विचारायची, "कितवा दिवस?" नाव नाही, गाव नाही, कोणाबरोबर हे तर मुळीच नाही. मी उपकेंद्राची सिस्टर. माझ्या रजिस्टरात पहिला रकाना नावाचा, दुसरा नवऱ्याच्या नावाचा, म्हणून मी तेच आधी विचारत असे. बायका पदराशी चाळा करत, अंगदुखीची गोळी मागून निघून जात. मग कळे, त्याच बाईने आशागडच्या बाजारात काकीला गाठलं.

काकी आशा कार्यकर्ती. माहेर समुद्रकाठच्या झाईचं, म्हणून बाजाराच्या दिवशी सुके बोंबील विकायला बसे. गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या तातडीच्या गोळ्यांचा डबा टोपलीच्या तळाशी. बोंबलांच्या पुडीत ती गोळी हळूच सरकवायची. सरकारी औषधाला मासळीचा वास मारतो म्हणून मी तिला एकदा चांगलंच झापलं. ती शांतपणे म्हणाली, "सासू पर्स तपासते सिस्टर, बोंबील नाय तपासत." ते खरं होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

खरं सांगायचं तर मी जळत होते. तिला त्या गोळीबद्दल जे येत होतं ते मीच शिकवलेलं. संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. पाळी आठवडाभर लांबली तर तपासणी. राहिलेला गर्भ ती पाडत नाही, राहण्याआधी अडवते, आणि पुढच्या वेळेची हमी देत नाही, हे तर माझं अगदी ठरलेलं वाक्य. पण बायका मलाच येऊन ऐकवायच्या, काकी असं सांगते म्हणून.

एका दुपारी काकी धापा टाकत उपकेंद्रात आली. एका मुलीला गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली होती, तिसरा दिवस संपत आला होता आणि काकीजवळच्या गोळ्या संपल्या होत्या. मी कपाटातून काढून दिली, पण तिला सोडलं नाही. कोण मुलगी, कोणाची, लग्न झालंय का? काकीने गोळी मुठीत घेतली.

"वीस वर्षांची आहे. बाकी तिचं ती सांगेल," म्हणाली आणि आली तशी गेली. काय हा तोरा, असं मी मनात म्हटलं.

घरी आले तर माझी मुलगी पांघरूण घेऊन पडलेली. डहाणूला कॉलेजात जाते, नुकतीच विशी पूर्ण झालेली. उशाशी लिंबू आणि कोपऱ्यात बोंबलांची पुडी. आमच्या घरात बोंबील कोणी खात नाही.

तिच्यावर ओरडायचं होतं, त्या मुलाचं नाव विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. गोळ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असताना तू तिच्याकडे का गेलीस?

"आई, तुला सांगितलं असतं तर आधी तुलाच सावरावं लागलं असतं," ती म्हणाली. "माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता."

खोटं कसं म्हणू? पुढचे दिवस मी कॅलेंडरकडे बघत काढले. पाळीची तारीख आली आणि गेली. दोन दिवस, चार दिवस. सकाळी मी तिच्या चेहऱ्याकडे बघायची आणि ती फोन घेऊन अंगणात जायची. काकीशी बोलायला, दुसरं कोण.

त्याच आठवड्यात काकीने काम सोडलं. तिच्या मुलाने तलासरीला घर बांधलं होतं, नातवंडं सांभाळायला तिला बोलावलं होतं. पाळी लांबल्याच्या सहाव्या दिवशी आम्ही बायका तिला एसटीवर सोडायला गेलो. मी तिच्यासाठी निळी साडी नेली होती, चार दुकानं हिंडून निवडलेली. हेवा वाटत होता, तरी हात आखडता घेतला नव्हता. गाडी सुटायच्या आधी माझी मुलगी धावत आली, मला ओलांडून खिडकीशी गेली आणि टाचा उंचावून काकीच्या कानाशी काहीतरी बोलली. काकीने डोळे मिटले, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि मग तोंडभर हसली.

माझ्या लेकीची पाळी आल्याचं मला त्या हसण्यावरून कळलं.