रिकामी प्रत्यंचा

नव्या धनुष्याची मला भीती वाटत असे, आणि ती मी कुणालाही सांगितली नव्हती. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली होती आणि अबू धाबीतल्या एका भारतीय शाळेत पदार्थविज्ञान शिकवून मी दुपारी घरी परते तेव्हा फ्लॅटमध्ये एसीची घरघर तेवढी सोबतीला असे. शहराबाहेरच्या एका क्लबात शुक्रवारी सकाळी बायकांसाठी धनुर्विद्येचा तास चाले. मी नुसते पाहायला म्हणून गेले होते. तिथल्या फिलिपिनो प्रशिक्षिकेने हातात धनुष्य दिले आणि नको म्हणण्याचे धाडस न झाल्यामुळे मी शिकू लागले. वय पंचेचाळिशीपलीकडचे, रांगेतल्या बाकीच्या मुली माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा.

क्लबाचे लाकडी धनुष्य ताणून धरताना खांदा भरून येई. हे मी घरी सहज बोलले, तर ह्यांनी अमेरिकेहून येणाऱ्या एका सहकाऱ्याकरवी कंपाउंड जातीचे नवे धनुष्यच मागवले. ह्यांची नोकरी मुसफ्फा ह्या औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात. कप्पी, तारा, लोखंड ही ह्यांच्या मायेची भाषा. धनुष्य शिकारीसाठी बनवलेले होते. त्याच्यावर झाडीत लपावे म्हणून हिरवी-तपकिरी पाने रंगवलेली, आणि आमच्या मैदानावर सावलीपुरते एकच गाफचे झाड. शिकार करायची तीही फोमच्या हरणाची. त्या पानांकडे पाहून मुली हसत आणि मीही हसत असे, पण धनुष्य उचलताना माझे तळवे ओले झालेले असत.

ह्या धनुष्याच्या दोन्ही टोकांना वाटोळी नसलेली चाके असतात. प्रत्यंचा ओढू लागले की मध्यावर सगळा भार अंगावर येतो, आणि तो टप्पा ओलांडला की एकदम ओसरतो. चढ संपून पायाखाली अकस्मात पठार लागावे तसा. ज्यांना हे शास्त्र ठाऊक नाही त्यांना इथे सुटल्यासारखे वाटते. मला ठाऊक होते, म्हणून मला सुटल्यासारखे कधी वाटले नाही. बोटांवरचा भार हलका झाला तरी मुठीच्या वरच्या-खालच्या वाकलेल्या पात्यांत साठलेली ऊर्जा कुठेही गेलेली नसते; ती गालापासून वीतभर अंतरावर, मुकाट, वाट पाहत असते. बाण लावलेला असेल तर ती बाणाबरोबर निघून जाते. बाण नसेल, आणि प्रत्यंचा सुटली, तर ती धनुष्यातच परत फिरते. अशा एका धनुष्याचे फुटलेले पाते प्रशिक्षिकेने कपाटात जपून ठेवले होते. उसाच्या चोयट्यांसारख्या त्याच्या ढलप्या निघाल्या होत्या.

आणखी एक भीती परत येण्याची होती. एकदा मी पूर्ण ताणून उभी असताना शिट्टी वाजली. कुणीतरी बाण वेचायला पुढे निघाले होते. बाण न सोडता प्रत्यंचा हळूहळू जागेवर आणायची होती. तो मधला टप्पा आला आणि धनुष्याने मला असे पुढे खेचले की मी तोल जाऊन गुडघ्यावर आले. “मॅडम, आर यू ओके?” प्रशिक्षिकेने विचारले. मी “येस, येस” म्हणाले आणि त्यानंतर कित्येक शुक्रवार, नेम चुकणार हे दिसत असतानाही, ताणलेला प्रत्येक बाण सोडून दिला. परत येण्यापेक्षा चुकणे बरे वाटे.

आखातात आमचे सण तिथीला न येता सुट्टीच्या शुक्रवारी येत. त्या वर्षीचा दसराही आम्ही शुक्रवारीच केला. एरवी शस्त्रपूजेला पाटावर ह्यांचे नटबोल्टचे पाने, गाडीची किल्ली आणि माझी विळी असत. “ह्या वर्षी घरात खरं शस्त्र आहे,” ह्यांनी आठवडाभर आधीच सगळ्यांना सांगून टाकले, आणि एरवी क्लबाच्या कपाटात राहणारे धनुष्य त्या सकाळी मला परवानगी काढून घरी आणावे लागले. मी त्याच्या मुठीला हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला, आणि कुणी हात लावू नये असे सांगायचे मनात घोळवत स्वयंपाकघरात गेले.

पुऱ्या तळत असतानाच बाहेर हशा उसळला. दारातून पाहिले तर ह्यांचे कारखान्यातले ज्येष्ठ स्नेही, ज्यांना मी भाऊजी म्हणत असे, धनुष्य घेऊन हॉलच्या मधोमध उभे होते. त्यांची पत्नी कॅमेरा घेऊन समोर, तिच्यामागे सोफ्यावर बाकीची मंडळी.

“स्वयंवर आहे की काय?” ह्यांनी विचारले.

“स्वयंवर झालं हो माझं, पंचवीस वर्षं भोगतोय,” भाऊजी म्हणाले. “यल्ला, फोटो काढ लवकर.”

“आधी ओढून तर दाखवा,” त्यांची पत्नी म्हणाली. “लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही तुमच्याच्यानं.”

मी “भाऊजी, नको” म्हणाले. ते माझे मलाच ऐकू आले असावे. त्यांनी दात आवळून बोटांनीच प्रत्यंचा ओढली, मधल्या टप्प्यावर चेहरा लाल झाला, आणि मग ती एकाएकी मागे आली.

“अरेच्चा! हे तर हलकं झालं!”

“अंकल, यू लुक सो कूल!” शेजाऱ्यांची मुलगी ओरडली.

“आता सोडा, भाऊ,” हे हसत म्हणाले. “टंकार ऐकू द्या सगळ्यांना.”

प्रत्यंचेवर बाण नव्हता. भाऊजींचा गाल प्रत्यंचेला टेकायच्या बेतात होता. समोर त्यांची पत्नी, एक डोळा मिटून, दुसरा कॅमेऱ्याला लावून.

“सोडायचं नाही!”

हा आवाज वर्गात मागच्या बाकांपर्यंत पोचवण्यासाठी कमावलेला होता. घरात मी तो कधीच वापरला नव्हता. हातातला झारा मी कुठे ठेवला ते आठवत नाही.

“मग करू काय?” भाऊजींनी मान न वळवता विचारले. त्यांचे कोपर थरथरू लागले होते आणि आवाजातला विनोद निघून गेला होता.

“मागेच ओढत राहा. ढिलं करू नका. सगळे समोरून बाजूला व्हा.”

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी पंक्तीत वाढण्यापलीकडे फारसे बोललेही नव्हते. मी प्रत्यंचा ओढलेल्या त्यांच्या मनगटावर माझे दोन्ही हात घट्ट आवळले. घामाने ते निसटत होते.

“आता माझ्याबरोबर पुढे. हळू. मध्ये झटका येईल. आला तरी बोटं उघडायची नाहीत.”

“वहिनी, बोटं बधिर झालीत.”

“असू दे. मी धरलंय.”

धरले आहे की नाही याची मला खात्री नव्हती. झटका आला. आम्ही दोघेही पाऊलभर पुढे ओढले गेलो, माझे कपाळ त्यांच्या खांद्यावर आदळले, आणि तरीही बोटे मिटलेली राहिली. प्रत्यंचा जागेवर आली. मी धनुष्य त्यांच्या हातातून काढून घेतले.

“बाप रे,” शेवटी त्यांची पत्नी म्हणाली, “वहिनींना एवढा आवाज आहे?”

“मलाही आजच कळलं,” हे म्हणाले. सगळे हसले, पुरी करपल्याचा वास आला म्हणून मी आत पळाले आणि गॅस बंद करून तिथेच फरशीवर बसले.

पाने मांडल्यावर भाऊजी हात धुण्यासाठी मोरीपाशी आले. त्यांनी हळू आवाजात विचारले, “वहिनी, खरंच काही झालं असतं का? की आपलं उगाच?”

एरवी मी “काही नाही हो” म्हणून वेळ मारून नेली असती. मी त्यांना फुटलेल्या पात्याच्या ढलप्या सांगितल्या, त्या कुठवर उडतात तेही सांगितले. त्यांनी नळ बंद केला. हॉलमध्ये त्यांची पत्नी कॅमेऱ्याला टोपण लावत होती. तिच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. जेवताना त्यांनी श्रीखंड पुन्हा घेतले नाही, आणि आग्रह करायला मलाही सुचले नाही.

पुढच्या शुक्रवारी मी प्रशिक्षिकेला सांगितले की मला भीती वाटते. बाण सोडण्याची नव्हे, न सोडण्याची. ती चकित होईल असे मला वाटले होते. तिने खिशातून किल्ली काढली, पात्यांचे बोल्ट थोडे सैल करून भार कमी केला, आणि मला फोमच्या हरणासमोर उभे केले. त्या तासात मी एकही बाण सोडला नाही. बाण लावायचा, पूर्ण ओढायचे, थांबायचे, आणि परत यायचे. प्रत्येक वेळी मधल्या टप्प्यावर मी दात आवळून बोटे मिटलेली ठेवी.

“मॅम, तुम्ही शूट का करत नाही?” शेजारच्या मुलीने इंग्रजीत विचारले.

“आज नाही,” मी म्हणाले, तळवे साडीच्या पदराला पुसले आणि पुन्हा ओढू लागले.