मिस्त्रीचाचांनी जुळवलेली गाडी

शहाद्याच्या आमच्या मिस्त्रीचाचांनी हातात पैसे घेऊन आलेली जितकी गिऱ्हाइकं परत पाठवली, तितकी दुसऱ्या दुकानात आयुष्यभरात आलीसुद्धा नसतील. प्रकाशाच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. जुन्या मोटारसायकली घ्यायच्या, नीट करायच्या आणि विकायच्या, असा त्यांचा धंदा. पण यातलं तिसरं काम ते होता होईल तो टाळायचे. कुणी एखाद्या गाडीवर हात ठेवला की चाचा आधी त्या माणसाला दहा पावलं चालायला लावत, मग चष्म्यावरून बघत आमच्या अहिराणीत म्हणत, "हाई तुन्ही नही शे. दुसरानी शे." हा दुसरा कोण, ते अजून त्यांनाही माहीत नसे. तो येईपर्यंत गाडी पत्र्याखाली उभी राही आणि चाचा रोज सकाळी तिला पुसून ठेवत.

चालवणारा कसाही बसतो, नुसतं त्याच्याकडे बघून गाडी ठरवायची नसते, मागे बसणाऱ्याला विचारायचं असतं, हा त्यांचा ठाम सिद्धांत. एकदा नवापूरचा एक कोंबड्यांचा व्यापारी आला. "मागे कोण बसणार?" चाचांनी विचारलं. "कोणी नाही, कोंबड्या," तो म्हणाला. "मग कोंबड्या घेऊन ये." तो बिचारा खरंच दुसऱ्या दिवशी कोंबड्यांची दोन डालगी घेऊन आला. चाचांनी ती कॅरिअरला बांधली, तीन गाड्यांवरून तीन चकरा मारल्या आणि प्रत्येक चकरेनंतर डालग्याला कान लावला. पहिल्या दोन गाड्यांवर कोंबड्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. तिसरीवर गप्प बसल्या. "पसंत आहे," चाचांनी कोंबड्यांच्या वतीने जाहीर केलं. तो व्यापारी पुढे कित्येक वर्षं ती गाडी वापरत होता आणि भेटेल त्याला हा किस्सा सांगत होता.

स्वतःच्या बाबतीत मात्र चाचांचं काही जुळत नसे. मी ओळखत होते तेवढ्या काळात त्यांनी चौदा गाड्या बदलल्या. एक गर्विष्ठ निघाली, एक खोटं बोलायची म्हणजे पेट्रोलचा काटा भरलेला दाखवून रस्त्यात बंद पडायची, आणि एक चांगली धडधाकट गाडी त्यांनी केवळ "ही मला विचार करू देत नाही" म्हणून काढून टाकली. चाची दारात तांदूळ निवडत हे सगळं बघायच्या. "शुकर है, मैं गाडी नहीं हूँ," त्या मला एकदा म्हणाल्या, आणि चाचाही हसले. पण थोडं उशिराच.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या उंचीमुळे. मी चार फूट दहा इंच, तेही चपलांसकट. आरोग्यसेविका म्हणून धडगावच्या पलीकडे, सातपुड्यातल्या एका उपकेंद्रात माझी नेमणूक झाली. पाड्यापाड्यांत जाऊन बाळांना लस द्यायची, गरोदर बायकांना तपासायचं. पहिल्यांदा मी स्कूटर घेतली. तिची चाकं एवढीशी, आमचे रस्ते म्हणजे दगडगोटे. चार महिन्यांत ती खिळखिळी झाली. मग भावाने त्याची जुनी भारी मोटारसायकल दिली. तिच्यावर बसले की माझे पाय हवेत. थांबायचं तर एखादा दगड किंवा बांध शोधून त्याच्या कडेला थांबावं लागे, आणि सिग्नल नावाची वस्तू डोंगरात नसते याबद्दल मी रोज देवाचे आभार मानी.

एका दुपारी उतारावर दगडच सापडला नाही. गाडी कलली आणि मला घेऊन पडली. पाय खाली अडकला. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. तासाभराने मोळ्या घेऊन निघालेले पावरा आदिवासी नवरा-बायको आले, त्यांनी गाडी उचलली. मुका मार होता, हाड शाबूत होतं. पण त्या तासाभरात मी ठरवून टाकलं होतं, आता पुरे. आठवड्याने शहाद्याला उतरले आणि ती गाडी घेऊन चाचांकडे गेले.

"चाचा, गाडी इकनी शे. नोकरी सोडनी शे."

विकायची, सोडायची, हे ऐकून घेत त्यांनी गाडी हळूच जमिनीवर आडवी केली. "पहिले उचलीसन दखाड."

मी जोर लावला. गाडी हलली नाही. मला रडूच फुटलं.

"कसाले रडी ऱ्हायनी? तू पडी गयी म्हणीसन गाडी इकी ऱ्हायनी ना? पडतस तं समदाच. पडेल गाडी एकलीले उचलता उनी पाहिजे, तवय ती तुन्ही. हाई तुन्ही नव्हतीच. राजीनामा महिनाभर थांबाड."

पडलेली गाडी एकटीला उचलता आली तरच ती माझी, हे माप ठरलं आणि महिन्याचा दीड महिना झाला. मी एसटीने आणि पायी पाडे करत होते. चाचांनी विसरवाडीला एका धाब्यामागे पडलेली हलकी जुनी गाडी शोधून काढली. तिच्या सीटचा फोम कापला, मागच्या स्प्रिंगा बदलल्या, हँडल जवळ ओढलं, कॅरिअरला लसीच्या डब्याच्या मापाची चौकट जोडली. मग मला घेऊन प्रकाशाला तापीच्या काठावर गेले, डबा पाण्याने भरून बांधला आणि गाडी स्वतःच्या हाताने वाळूत पाडली.

"उचल."

पहिल्यांदा जमलं नाही. मग त्यांनी दाखवलं. गाडीकडे पाठ करायची, एक हात हँडलला, एक कॅरिअरला, आणि जोर हातांनी नाही, पायांनी लावायचा. दुसऱ्या खेपेला गाडी गुडघ्यापर्यंत आली. तिसऱ्या खेपेला उभी राहिली. चाचांनी लगेच ती पुन्हा पाडली. काठावरच्या देवळात दर्शनाला आलेल्या बायका घोळक्याने थांबून बघत होत्या. पाचव्यांदा गाडी उभी केली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीवर बसले. दोन्ही पाय वाळूत टेकले, पूर्ण, टाचांसकट. "आते तुन्ही," चाचा म्हणाले आणि वळून रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. वाळू गेली असेल.

त्या गाडीवर मी डोंगरात नऊ वर्षं काढली. एका श्रावणात ओढ्यातल्या शेवाळावरून घसरून आडवी झाले. आजूबाजूला कोणी नाही, डबा पाण्यात. मी पाठ केली, पाय रोवले, गाडी उभी केली. पाड्यावर पोचले तेव्हा सकाळपासून वाट बघत बसलेल्या बायका अजून उठल्या नव्हत्या, आणि डब्यातला बर्फही शाबूत होता. त्या दिवशी चिंब अंगाने एकेका बाळाची मांडी हातात धरताना मला न दिलेला राजीनामा आठवला आणि अंगावर काटा आला. डोंगरातली ती सगळी वर्षं मला एका म्हाताऱ्याच्या हट्टामुळे मिळाली.

आता माझी बदली खाली झाली आहे. चाची गेल्या, चाचांचे गुडघे गेले, गॅरेज मोडलं, आणि ते नवापूरला मुलीकडे राहतात. मागच्या महिन्यात त्याच गाडीवर भेटायला गेले. बोलता बोलता सहज विचारलं, "चाचा, तुम्हाला तुमची गाडी कधी सापडलीच नाही का?" ते गुडघे चोळत रस्त्याकडे बघत म्हणाले, "एक होती. विसेक वर्षांपूर्वी. विकून टाकली. वाटलं, हिच्यापेक्षा चांगली येईल."

मग म्हणाले, "थोडी दूर घेऊन जाशील?"

मुलीने हात देऊन त्यांना मागे बसवलं. अंगाने ते इतके हलके झालेत की स्प्रिंग दबलीसुद्धा नाही. हायवेने आम्ही बरंच लांब गेलो. ते मागे गप्प बसले होते, त्या तिसऱ्या गाडीवरच्या कोंबड्यांसारखे. परत आलो तेव्हा मुलगी फाटकात उभी होती. मी गाडी हळू केली. खांद्यावर चाचांची बोटं टेकल्यासारखी वाटली.

"सीधी चल, बेटी."

मी गिअर बदलला आणि घर मागे पडू दिलं.