खिशात नसलेला फ्यूज

दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांशी बोलतेय.

माझा धाकटा भाऊ दत्ता निरवांगी गावाकडे विजेच्या कंपनीत लाईनमन आहे. सात महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडला आणि मेंदूला मार बसला. आता चालतो, बोलतो, थट्टाही करतो. सोमवारी कामावर हजर होणार होता. घाई त्याच्यापेक्षा मलाच जास्त होती.

आज बारामतीत त्याच्या थेरपिस्ट मॅडमनी एक बोर्ड मांडला. त्यावर फ्यूज, तारा, बल्ब. वीज मात्र जोडलेली नव्हती.

"दादा, काम कसं करता ते सांगा."

"आधी फ्यूज काढायचा आन् आपल्याच खिशात ठिवायचा, म्हंजी दुसरं कुणी लावत न्हाय. मगच तारंला हात."

अगदी बरोबर! मी मनात म्हटलं, झाला हा बरा.

"आता करून दाखवा," म्हणत मॅडमनी सहज विचारलं, "ऊस तुटला का तुमचा?"

"कुठला तुटतोय! टोळीचा मुकादम माझ्यापेक्षा इसरभोळा हाय," तो हसला आणि बोलता बोलता थेट तारेला हात घातला.

तारेवरच त्याचा हात थांबला. त्यानं खिसा चाचपला. रिकामा.

"ताई, फ्यूज काढलाच न्हाय मी."

त्यानं तिथूनच साहेबांना फोन लावला. "सोमवारी न्हाय येत, साहेब. अजून शिकायचंय मला."

रोज मी त्याला "तू ठणठणीत आहेस" म्हणायचे. तो धीर होता, की मी त्याला खांबावर ढकलत होते?

तुमच्या घरातल्या अशा माणसाला तुम्ही "अजून थांब" कसं सांगितलंत?