श्रावणी पाढे का विसरली

आज वर्गात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

माझ्या तिसरीच्या वर्गातली श्रावणी (नाव बदललंय) मागच्या वर्षी पाढे घडाघडा म्हणायची. हल्ली तिला काहीच आठवेना. विचारलं की वही फेकायची. आज तर तिनं शेजारच्या मुलीचा चावा घेतला, म्हणून मी तिच्या वडिलांना बोलावलं. ते एमआयडीसीत लूमवर असतात. कपड्यांवरची कापसाची तुसं न झटकताच धावत आले.

"बाई, पोरगी ढ झाली का हो? आधी हुशार होती की."

"घरी काही झालंय का?" मी विचारलं.

ते घुटमळले. "बाळ लई लवकर झालं. हिची आई अन् बाळ दोघं दवाखान्यात हायत. हिला सांगितलंय, आई मामाकडं गेलीय."

श्रावणी माझ्या मागेच उभी होती. हळूच म्हणाली, "आई मेली ना? मला कुणीच सांगत नाही."

तिला जवळ घेऊन वडिलांनी तिथूनच तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. मायलेकी त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत बोलत होत्या. मला फक्त "वस्ता" एवढंच कळलं, म्हणजे "येते". श्रावणी पोटभर रडली आणि माझ्या मांडीवर झोपून गेली.

उठल्यावर मी तिला अभ्यासाचं काही विचारलं नाही. एवढी भीती सांभाळणाऱ्या डोक्यात दुसरं काही मावणार तरी कसं?

लहान आहे म्हणून तुमच्याही घरात लेकरापासून काही लपवलंय का? त्याला ते खरंच ठाऊक नसेल?