उशिरा पोचलेलं ‘व्हय’

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. १९९९ साली, आषाढातल्या शेवटच्या रविवारी, दुपारी सव्वाचार वाजता, बारामतीत एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण ती कॉम्प्युटरच्या खालच्या कोपऱ्यात दिसत होती आणि मी तिच्याकडेच बघत होतो. बहिणीच्या तोंडाकडे बघायला पाहिजे होतं. ते मी बघितलं नाही.

आमचं गाव निरवांगी. आक्काला दिली शेळगावात. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, साखर कारखान्यात पॅनमन. उसाचा रस आटवून त्याची साखर पाडायची, हे त्यांचं काम. आमच्या भागातल्या असल्या कसबी माणसांना आफ्रिकेतल्या कारखान्यांकडून बोलावणी येतात, तसं दाजींनाही आलं आणि ते गेले. आक्का, तिची तीन वर्षांची मुलगी आणि सासरे मागं राहिले. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात.

आक्का बारावी झालेली. त्या वर्षी तिनं आमच्या घरचा पत्ता घालून नर्सिंगचा फॉर्म भरला आणि तिचा नंबर लागला. बुधवारपर्यंत पुण्याला हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. मुलीला आमची आई सांभाळणार होती. राहिला होता फक्त दाजींचा होकार. दाजी एकदा आबांना फोन करून म्हणाले असते की जाऊ द्या तिला, तर आबा नाही म्हणाले नसते. आबा वाईट माणूस नव्हे. पण सुनेनं आपण होऊन सासऱ्यापुढं असली गोष्ट काढायची पद्धत आमच्याकडं नाही, आणि ती पद्धत मोडायची हिंमत आक्कात नव्हती. माझ्यातही नव्हती. मी भाषणात मोडायचो.

पत्रानं विचारावं तर जायला वीस दिवस, यायला वीस दिवस. शिवाय दाजींचं उत्तर शेळगावच्या पत्त्यावर येणार, पोस्टमन ते आबांच्या हातात देणार, आणि आबा ते चार माणसांत मोठ्यानं वाचणार. त्यात लपवाछपवी नव्हती, उलट कौतुक होतं. पण नवराबायकोचं म्हणून एक वाक्यसुद्धा त्या घरात उरलं नव्हतं. गावातल्या फोनच्या दुकानात जावं, तर ते आबांच्याच भावकीतलं.

म्हणून मी तिला बारामतीला घेऊन गेलो. आणि आता मुद्द्याचं सांगतो. त्या दुकानाचं पत्रक मी लिहिलं होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात, आणि विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिण्यात तरबेज. फीवाढ, पासाच्या रांगा, वसतिगृहातलं पाणी, काहीही द्या, मी अर्ध्या तासात पानभर संताप काढून द्यायचो. दुकानाचा मालक आमच्या कॉलेजचाच जुना विद्यार्थी. झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान होतं, त्यात त्यानं दोन कॉम्प्युटर आणून इंटरनेट घेतलं आणि त्यावरून परदेशी फोन लावून द्यायला लागला. मला म्हणाला, “तुझ्यासारखं पत्रक कुणाला जमत न्हाय. टाक लिहून.” मी लिहिलं: ‘इंटरनेट फोन! स्वस्त! सोयीस्कर! सुरक्षित! आता बिनधास्त बोला!’

तिसरा शब्द लिहिल्यावर मी त्याला विचारलं होतं, सुरक्षित म्हणजे काय रे?

“म्हणजे काय म्हंजी? स्टॅबिलायझर हाय की. लाइट कमीजास्त झाली तरी मशीनला काय धक्का न्हाय.”

मी हसलो आणि शब्द तसाच ठेवला. तीन ‘स’ ओळीत छान दिसत होते.

त्या रविवारी दुपारी कारखान्याच्या ऑफिसात फोनजवळ बसा, एवढंच मी आमच्या घरून पत्र टाकून दाजींना कळवलं होतं. रविवारी तिथल्या माणसांना तेवढी सवलत असायची. आम्ही दुकानात शिरलो तेव्हा एका कॉम्प्युटरवर एक मुलगा पत्ते खेळत होता. बाकावर झेरॉक्ससाठी तीन माणसं बसली होती. त्यातल्या एकाला बघून आक्कानं पदर सावरला आणि पाया पडली. आबांचे चुलतभाऊ, शेळगावचे तात्या. सातबाऱ्याच्या प्रती काढायला आले होते.

“काय सूनबाई, हिकडं कुठं?”

“ह्यांना फोन लावायचाय, तात्या.”

“लाव की. आमाला बी ऐकू दे आफ्रिका.”

बाक हसला. आक्का माझ्या कानाशी म्हणाली, “त्या डब्यात बसून न्हाय का बोलता यायचं?” तिनं एसटीडीच्या काचेच्या केबिनकडं बोट केलं. केबिनला दार होतं. दार लावलं की आतलं बाहेर येत नव्हतं. मी म्हणालो, “त्यातनं लई महाग पडतं. हे सोयीचं हाय. तू बस.” हे माझे शब्द. यात फेरफार नाही.

मालक म्हणाला, हेडफोन कालच बिघडलाय, स्पीकरवरच ऐका. माइक तिच्यापुढं ठेवला. स्पीकर दोन, कॉम्प्युटरच्या दोन्ही बाजूंना, तोंड सरळ बाकाकडं.

घंटी वाजली, आणि बादलीत तोंड घालून कुणी बोलावं तसा दाजींचा आवाज दुकानभर झाला. “हॅलो? अगं, कोन हाय?”

“आरं, कारखान्यात हाय का हिरीत पडलाय?” तात्या म्हणाले. पुन्हा बाक हसला.

आक्कानं हळू आवाजात सुरुवात केली. मालक म्हणाला, मोठ्यानं बोला वैनी, न्हायतर जात न्हाय. ती मोठ्यानं बोलायला लागली. माहेरचा पत्ता घालून फॉर्म भरलाय. नंबर लागलाय. बुधवारी जायचंय, पोर आईकडं ऱ्हाईल. आबांना माहीत न्हाय. एकेक वाक्य तिनं महिनाभर जपून ठेवलं होतं, ते तिनं झेरॉक्सला आलेल्या तीन माणसांपुढं ओरडून सांगितलं. झेरॉक्स मशीन कधीच थांबलं होतं. तात्यांच्या प्रती निघून टेबलावर पडल्या होत्या, पण तात्या उठले नाहीत. कुणीच उठलं नाही.

इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळा घात तिथं आहे. आमच्याकडं कुणी बोलत असलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. व्हय, व्हय, व्हय. त्याचा अर्थ ‘मला पटलं’ असा नाही. ‘मी ऐकतेय, तुमी बोला’ एवढाच. हुंकार नाही दिला तर समोरचा म्हणतो, झोपलीस का? आणि त्या फोनवर इकडचा शब्द तिकडं पोचायला दोन-तीन सेकंद लागत होते. हे मला मालकानं आधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

दाजी म्हणाले, “म्हंजी पोरीला तुजी आई बघनार.”

आक्का म्हणाली, “व्हय.”

तिचं ‘व्हय’ निघालं, पण दाजींना पोचलं नव्हतं. तिकडं सगळं गप्प. दाजींना वाटलं, ही बोलत का नाही? म्हणून त्यांनी पुढचं विचारलं. माणूस घरापासून इतका लांब, बायकोनं माहेरचा पत्ता घालून फॉर्म भरलेला, मनात आलं ते त्यांनी विचारलं.

“का तुला आबांपासनं येगळंच ऱ्हायचंय?”

तो प्रश्न आमच्याकडं यायच्या आत तिचं आधीचं ‘व्हय’ त्यांच्याकडं पोचलं.

आमच्या स्पीकरवर तो प्रश्न आला. आक्का दचकून माझ्याकडं बघायला लागली, आणि तेवढ्यात दाजींचा संताप आला. “मग व्हय म्हनून मोकळी झालीस! मी हितं मरतोय, आन तू म्हाताऱ्याला टाकून निघालीस! सरळ सांगायचं हुतंस की!”

“न्हाय! आवं, न्हाय! मी तसं न्हाय म्हनले!” आक्का माइक दोन्ही हातांनी धरून ओरडली.

तेवढ्यात आमच्याच दुकानात मागं कुणीतरी फोन उचलला. फोन आणि इंटरनेट एकाच लाइनवर. स्पीकर खरखरला आणि बंद पडला.

मालकानं पुन्हा लावून बघितलं. लागेना. मग मी आक्काला केबिनमध्ये बसवलं, दार लावलं आणि महागडा फोन लावला. तो पहिल्याच झटक्यात लागला. पलीकडं घंटी वाजत राहिली, काचेतून मला तिचे ओठ दिसत होते, ती वाट बघत होती. कुणी उचललं नाही. दाजी ऑफिसातून उठून गेले होते. ती केबिनमधून बाहेर आली तर बाकावरचे तात्याही उठून गेले होते. एसटी त्यांना आमच्या आधी मिळाली.

शेळगावात पोचलो तेव्हा आबा अंगणात बाजेवर बसले होते. मी संघटनेत शिकलेलं सगळं वापरलं. घोटाळा कसा झाला, आवाज उशिरा कसा पोचतो, सगळं मुद्देसूद सांगितलं. आबांनी ऐकलं.

“तात्या खोटं सांगंल का?” त्यांनी विचारलं.

“तात्या खरं सांगतात. पण ते जे झालं ते—”

“मग झालं तर.”

नंतर ते आक्काकडं वळले. आवाज चढवला नाही. “पोरी, शिकायचं हुतं तर मला सांगायचं हुतंस. बारामतीला का सांगितलंस?”

  ती आत गेली. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मी पुन्हा गेलो, तर ती अंगणात गहू निवडत होती. म्हणाली, “तू जा. आज तुजं कालेज आसंल.” जागा पुढच्या मुलीला गेली.

दाजींचं पत्र महिन्यानं आलं. आबांनी ते चार माणसांत वाचलं. घरात असं होणार असेल तर मी येऊन काय करू, कारखान्याशी आणखी तीन वर्षांचा करार केला आहे, असं त्यात होतं. ओरडून सांगितलेलं ‘न्हाय’ त्यांना पोचलंच नव्हतं. मी आक्काला म्हणालो, तू पत्र लिही, सगळं उलगडून लिही. तिनं कागद घेतला आणि ठेवला.

“काय लिहू? मी व्हय म्हनले, पन ते व्हय म्हंजी व्हय न्हवतं? कागदावर वाचून कुनाला खरं वाटंल?”

मी तक्रार करायला निघालो. संघटनेतल्या वकिलांनी मला खाली बसवलं. म्हणाले, “इंटरनेटवरून असा फोन लावायला आपल्या देशात परवानगीच नाही. तक्रारीत पहिलं नाव दुकानाचं येईल, दुसरं तुझ्या बहिणीचं. आणि तिसरं पत्रक लिहिणाऱ्याचं.” दुकानदाराला जाऊन भांडलो. तो म्हणाला, “मी काय केलं? फोन लावून द्यायचा तो दिला की.” तेही खरं. प्रत्येकाचं खरं आहे. तात्यांनी ऐकलं ते सांगितलं, आबांनी सांगितलं ते मानलं, दाजींना कानावर आलं ते कळलं. सगळ्या खऱ्यांच्या मधे माझी बहीण गहू निवडत बसली आहे. दाजी परत येतील तेव्हा नर्सिंगला घ्यायचं तिचं वय उलटलेलं असेल. मी हिशोब करून बघितला आहे, त्यातून वाट निघत नाही.

एवढ्यात त्या दुकानात गेलो होतो. चार कॉम्प्युटर झाले आहेत. हेडफोन अजून दुरुस्त नाही. माझं पत्रक काचेवर चिकटवलेलंच आहे. मी ते फाडलं. मालकानं ड्रॉवरमधून दुसरं काढून चिकटवलं. गठ्ठाच छापला होता, मीच प्रूफं तपासली होती.

हे फोन वाढणार. तुमच्या गावातही असं दुकान आज नाही तर उद्या निघेल, आणि त्यात लोकांची सोय होईल, हे मी नाकारत नाही. सुरक्षिततेचं तिथं कुणी बघणार नाही. सरकार बघणार नाही, मालक बघणार नाही, पत्रक लिहिणारा तर नाहीच. तेव्हा मागणी तुमच्याकडं आहे, बाकावर बसलेल्यांकडं. एखादी बाई माइकपुढं बसली आणि तिच्या माणसाचा आवाज तुमच्या कानावर यायला लागला, तर तुमचं काम अर्धवट टाका आणि उठा. शेजारच्याला दंडाला धरून उठवा. बाहेर जाऊन रस्त्यावर उभे राहा, आणि तिचं बोलणं संपल्याशिवाय आत येऊ नका.